आईच्या डोळ्यांवरची काळी पट्टी

"ब्लाउज काढ."

एवढंच म्हणाले. ताई नाही, बाई नाही. नुसतं काढ.

चौक गावच्या एका शाळेत मोफत तपासणीचं शिबिर होतं. एक वर्ग रिकामा केला होता. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच. मुंबईचे मोठे सर्जन आले होते, सगळे त्यांना सर म्हणत होते, आणि त्यांच्यामागे त्यांचे शिकाऊ डॉक्टर. सगळे पुरुष. मधे आई उभी. तिच्या पदराला धरून मी.

"बाया नाय का कोन?" आईनं खाली बघत विचारलं.

"आम्ही सगळे डॉक्टरच आहोत," सर म्हणाले. मग मागे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. मागचे हसले.

आईनं ब्लाउज काढला. ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या हातात दिला. हिरवा होता, काखेत विरलेला. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. थंडीचे दिवस होते. खिडक्या उघड्या होत्या आणि खिडकीबाहेर रांगेतली माणसं होती. एवढ्या डॉक्टरांतला एकही पुढे होऊन खिडकी लावेना.

आईच्या उजव्या छातीवर गाठ होती. फुटलेली. घरी ती तिच्यावर फडकं बांधून ठेवायची, मलासुद्धा दाखवायची नाही. मी ती पहिल्यांदा पाहिली त्या वर्गात. सगळ्यांबरोबर.

"हात डोक्यावर घे."

आईनं घेतले. सरांनी तिचं कोपर धरून आणखी वर केलं. मग कॅमेरा काढला. समोरून एक फोटो, बाजूनं एक.

"एवढं होईपर्यंत काय झोपला होतात?"

"नाय सायेब," आई म्हणाली. "लावनीच्या टायमालाच हाताला लागली. तवाच गेल्ते दवाखान्यात. ते बोलले, काय नाय, दुधाची गाठ हाय, जाईल. मंग पुन्ना गेल्ते..."

सरांचं ऐकून झालं होतं. ते मागे वळून म्हणाले, "लेट. ऑल्वेज लेट."

त्यातला 'लेट' मला कळला. कर्जतची एसटी रोज लेट असायची.

पुढे ते बरंच बोलले, आणि मागचे लिहून घेत होते. आई तशीच उभी. हात डोक्यावर. हात खाली घे असं तिला कोणी म्हणालंच नाही. शेवटी दारावरचा माणूस ओरडला, "चला, पुढची बाई!" तेव्हा तिनं हात खाली केले आणि माझ्याकडे बघून ब्लाउज मागितला. मी इतका घट्ट धरला होता की तिला माझी बोटं सोडवून घ्यावी लागली.

कडावला, आमच्या गावी परत येताना टेंपोत तिनं पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतला. मग म्हणाली, "बाला सांगू नको."

"काय?"

"फोटू काडला ते."

मी वडिलांना नाही सांगितलं.

आई झोपली नव्हती. हे मला सांगायचंय, आणि आधीच सांगायचंय. गाठ हाताला लागली त्याच आठवड्यात ती भातलावणीचा खाडा करून दवाखान्यात गेली होती. तिथे बाई डॉक्टर नव्हती, आणि जो डॉक्टर होता त्यानं हातही न लावता मलम लिहून दिलं. गाठ वाढली तशी ती दुसरीकडे गेली. तिथं म्हणाले, मशीन बंद आहे, नंतर या. नंतर गेली तर म्हणाले, इथे नाही, पनवेलला जा. पनवेलला म्हणाले, आधीचे कागद आणा. आईला कागद कोणी दिलेच नव्हते. ती चालत गेली, टेंपोनं गेली, एसटीनं गेली. लोकांच्या शेतावर राबणारी बाई कामाचा दिवस बुडवून गेली. प्रत्येक ठिकाणी तिला परत पाठवलं, आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा गेली. शिबिरातसुद्धा ती आपल्या पायानं आली होती.

शिबिरानंतर मुंबईला नेऊन तिचं ऑपरेशन झालं. तोवर आजार अंगभर गेला होता. पुढच्या लावणीला आई नव्हती.

मला मावशीनं नेरळला नेलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. नेरळच्या नव्या बिल्डिंगींत धुणीभांडी करते. तिनं मला शिकवलं, आणि बाकीचं सरकारी वसतिगृहानं आणि स्कॉलरशिपनं केलं. आदिवासी कोट्यातून डॉक्टर झाले. लोक कोटा हा शब्द हळू आवाजात म्हणतात, मी मोठ्यानं म्हणते. कॉलेजात कोणी माझं आडनाव विचारलं की ते ऐकून 'अच्छा' म्हणायचं. त्यापुढे दुसरा प्रश्न यायचा नाही. मग मी सर्जरीला प्रवेश घेतला. सर्जरीच का, असं सगळे विचारतात. मी म्हणते, आवड. खरं सांगायला तोंड उघडलं तर मला आवरणार नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नव्हती. आईचा चेहरा मला आठवत नाही.

तिचे हात आठवतात, चुलीपुढची पाठ आठवते. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटाखाली गोंदलेलं होतं, तेही आठवतं. तीन ठिपके आणि त्याखाली नाव. हौसा. लहानपणी तिच्या आजोळी गोंदून घेतलं होतं. "मी नाव इसरले तर वाचून घेईन," असं म्हणून हसायची. तिला वाचता येत नव्हतं. मी पहिलं अक्षर वाचलं ते पाटीवर नाही, तिच्या हातावर. एवढं सगळं आठवतं, पण चेहरा येत नाही. डोळे तर मुळीच नाहीत. घरात तिचा एकही फोटो नाही. मतदानाच्या कार्डावर होता, तो एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा भिजला. आता तिथे एक करडा डाग आहे. मी लहानपणी त्या डागाकडे टक लावून बसायचे.

वॉर्डात छातीची गाठ घेऊन कोणी बाई आली की मी आधी पडदा ओढते, मग खिडकी लावते. सोबतचे चिडवतात, "आली पडदेवाली." चिडवू देत. मी बाईला म्हणते, हात डोक्यावर घ्या. आणि तपासून झालं की लगेच म्हणते, हात खाली घ्या. तरी प्रत्येक वेळी मला वाटतं, माझ्यामागे कोणीतरी उभं आहे आणि त्या बाईचे हात अजून वरच आहेत. मी वळून बघते. कोणी नसतं.

गेल्या हिवाळ्यात खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर सर्जनांची परिषद होती. डॉक्टरांनी पदवीनंतरही शिकत राहावं म्हणून अशा परिषदा होतात. हजेरीचे गुण मिळतात आणि डॉक्टरकीची नोंदणी चालू ठेवायला ते लागतात. मोठे सर्जन भाषणं देतात, बाकीचे ऐकतात. आम्ही शिकाऊ डॉक्टर बॅगा उचलतो, खुर्च्या लावतो, आणि उरलेल्या वेळात शिकतो. त्या रिसॉर्टच्या जागी पूर्वी भातखाचरं होती. आता तिथे पोहण्याचा तलाव आहे. आई तिथे लावणीला आली असेल, नसेलही. मी सकाळपासून तोच विचार करत फिरत होते.

मला लॅपटॉपवर बसवलं होतं. पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायची. हे काम आमच्या युनिटच्या मॅडमनी दिलं होतं. दुपारचे मुख्य वक्ते त्यांचे गुरू होते. "सरांना रिमोट धरायला आवडत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते नेक्स्ट म्हणाले की तू दाबायचं. झोपू नकोस." आणि हळूच म्हणाल्या, "तोंडी परीक्षेला तुझ्यासमोर परीक्षक ते असतील बहुतेक. जरा नीट."

सर आले. केस पांढरे झालेले, आवाज गोड. मी त्यांना ओळखलं नाही. कशी ओळखणार? त्या वर्गात मी त्यांच्या कमरेएवढी होते, आणि मी आईकडे बघत होते.

भाषणाचा विषय होता छातीचा कर्करोग उशिरा का सापडतो. पहिल्या चित्रात बैलगाडी होती आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ट्रायबल टाइम. हॉल हसला. सर म्हणाले, "आपण पुण्या-मुंबईकडचे लोक वीकेंडला इथे येतो. या डोंगरांच्या पायथ्याशी अजून असा काळ चालू आहे." पुन्हा हसले.

"नेक्स्ट."

मी कळ दाबली.

आई.

पहिल्यांदा मला आनंद झाला. खरंच सांगते. आई! जवळजवळ तोंडातून निघालंच. इतक्या वर्षांनी आई दिसत होती, भिंतीएवढी मोठी.

मग बाकीचं दिसलं. उघडी छाती. फुटलेली गाठ. हात डोक्यावर. उजव्या हातावर तीन ठिपके आणि हौसा. आणि चित्राच्या अगदी कडेला हिरव्या कापडाचा तुकडा आणि तो धरलेली लहान बोटं. माझी.

आणि डोळ्यांवर काळी पट्टी.

ही आमच्या धंद्यातली पद्धत आहे. पेशंटचा फोटो दाखवायचा तर डोळ्यांवर काळी पट्टी मारायची. डोळे झाकले की माणूस झाकला गेला. सगळे सर्जन असंच मानतात, आणि मलाही तसंच शिकवलं आहे.

सर बोलतच होते. "ही बाई दोन वर्षं हे घेऊन घरी बसली होती. दोन वर्षं! मी विचारलं, का नाही आलीस? तर म्हणते..." सरांनी मान वाकडी केली, आवाज बारीक केला. "येल नाय मिलला, सायेब."

हॉल खदखदून हसला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ डोळे पुसत होते.

आई असं म्हणाली नव्हती. कधीच नाही. ती म्हणाली होती, तवाच गेल्ते. आणि दोन वर्षं कुठली, लावणीपासून त्या थंडीपर्यंतचे महिने. ते यांनी अर्धंच ऐकलं आणि तिच्या तोंडी आपलं वाक्य घातलं. आणि ते वाक्य, तो बारीक आवाज, ती वाकडी मान घेऊन ते किती गावांतून, किती हॉलमधून फिरले होते कोण जाणे. शेकडो डॉक्टर हे शिकून गेले असतील. घरी जाऊन आपापल्या दवाखान्यात बसले असतील. मग समोर कोणी हौसा आली असेल तेव्हा त्यांना आधीच ठाऊक असेल, ही घरी बसली होती.

"नेक्स्ट."

माझं बोट कळेवर होतं. हललं नाही.

"नेक्स्ट, प्लीज."

मॅडमनी मागे वळून माझ्याकडे डोळे मोठे केले.

मी दुसरी कळ दाबली. पडदा काळा झाला. सगळा. मी उठून उभी राहिले.

"सर, ती माझी आई आहे."

"सॉरी?"

"ती घरी बसली नव्हती. तुम्ही आता जे बोललात ते ती म्हणाली नव्हती. चौकच्या शाळेत शिबिर होतं. मी तिथे होते. तिचा ब्लाउज माझ्या हातात होता."

सर हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला समजावताना हसतात तसे हसले.

"बेटा, फार जुना फोटो आहे. तुझा काहीतरी गैरसमज होतोय. आपण पेशंटची ओळख कधीच दाखवत नाही. बघ, डोळे झाकलेत."

"हातावर नाव आहे सर. मराठीत. हौसा. इतकी वर्षं तुम्ही दाखवताय. एकानंही वाचलं नाही?"

कोणीतरी पुढून म्हणालं, "तिच्याकडचा माइक काढून घ्या." माझ्याकडे माइक नव्हताच. मग घाईघाईनं चहाची सुट्टी जाहीर झाली आणि सगळे उठले. जाताना माझ्याकडे न बघता गेले. एक बाई डॉक्टर माझ्या टेबलापाशी थांबल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी फक्त लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं आणि त्याही गेल्या.

मॅडम मला ओढत तलावाकडे घेऊन गेल्या. "सॉरी म्हण. आत्ता. तुझं सगळं त्यांच्या हातात आहे, कळतंय का तुला? तुझ्या भावना समजतात गं. पण हा फोटो शिकवायला आहे. हे बघून डॉक्टर शिकतात, मग दुसऱ्या बायका वाचतात."

"काय शिकतात मॅडम? तिला परत पाठवणाऱ्यांचा फोटो का नाही दाखवत?"

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "तू फार कडवट आहेस."

असेन.

सर कपबशी घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे गेले. सॉरी म्हणायला आले असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचललासुद्धा. मी मागे सरले.

"सर, तो फोटो दाखवणं बंद करा. आणि मूळ फोटो मला द्या. पट्टीशिवायचा. आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही."

सरांनी हात खाली घेतला. "पेशंटची माहिती गोपनीय असते," ते म्हणाले. "असा कोणालाही देता येत नाही."

हॉलभर दाखवता येतो. तिच्या मुलीला देता येत नाही. त्या वाक्यातलं 'कोणालाही' म्हणजे मी.

त्यानंतर मला ऑपरेशन थिएटरमधून काढून ड्रेसिंगला लावलं. लेखी माफी मागितली तर पुन्हा आत घेऊ, असा निरोप आला. मी माफी लिहिली नाही. ड्रेसिंगला येणाऱ्या माणसांच्या जखमा मी धुते, आणि हे कामही सर्जनचंच आहे. महिन्याभरात दुसऱ्या शहरातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिथल्या वर्गात दुसऱ्याच एका डॉक्टरनं तो फोटो दाखवला होता. सरांकडून घेतलेला. तसाच, पट्टी आणि वाक्यासकट. म्हणजे आई आता एका लॅपटॉपमध्ये नाही. कुठे कुठे आहे ते मला माहीत नाही. मी जेवायला बसते तेव्हा ती कुठल्यातरी गार हॉलमध्ये उभी असते. हात डोक्यावर घेऊन. तिला थंडी सोसायची नाही.

हे सगळं मी मावशीला सांगायचं टाळत होते. शेवटी एका रविवारी नेरळला जाऊन सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. मी उघडं अंग, गाठ, हसणं, सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे, मोठ्या लोकांशी कुठं भांडतीस. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजे हौसाचा फोटू हाय?"

"आहे."

"मंग आन की गं."

"तसला नाही मावशी. तिच्या अंगावर..."

"मी तिची बहीन हाय. तिला मीच धुतली व्हती शेवटाला." मग म्हणाली, "डोले दिसतान का तिचे?"

"नाही. पट्टी मारलीय."

मावशीनं गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसली.

"लोका बोलायची, दोगी बहिनींचे डोले एकसारके. मला काय ठाव. मी माजेच डोले कवा नीट बगितले नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डोले आपले हायेत. त्यांचे नाय. आनायचे."

मी मावशीच्या डोळ्यांत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. काही आठवलं नाही.

पण ठरलं मात्र तिथेच. मी परीक्षेला बसणार. समोर सर असले तर असू देत. नाव विचारलं की पूर्ण सांगणार, माझ्या नावाला आईचं नाव जोडून, आणि त्यांनी वर बघेपर्यंत थांबणार. नापास केलं तर पुन्हा बसणार. सर्जन होणार. आणि अशा प्रत्येक परिषदेला जाणार. बोलावलं तर पुढे बसेन, नाही बोलावलं तर मागे उभी राहीन. खालापूर असो, मुंबई असो. जिथे ती काळी पट्टी पडद्यावर येईल तिथे मी उठणार, आणि आधी आईला सांगणार, इतक्या वर्षांत जे कोणी सांगितलं नाही ते.

हौसा, हात खाली घे.

मग त्यांच्याकडे वळणार. फोटो द्या म्हणणार. पट्टीशिवायचा. तो हातात पडेपर्यंत मी खाली बसणार नाही, आणि पुढचं चित्रही येऊ देणार नाही.